काळं दिसलं की कावळा?

ऑफिसच्या खिडकीबाहेर, सोसायटीसमोरच्या वायरवर, जिमच्या वाटेवरच्या गुलमोहरात... काळे पक्षी सगळीकडे आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. त्यांची नीट ओळख करून घ्यायला एखादा वीकेंड पुरतो. आणि मे महिन्यात ही ओळख एखाद्या पिल्लाचा जीवही वाचवू शकते!

चला, एक छोटीशी टेस्ट. हा अंक दोन मिनिटं बाजूला ठेवा, खिडकीबाहेर बघा. काळा पक्षी दिसला? नाव सांगा बरं.

‘कावळा’ म्हणालात ना? वाटलंच होतं.

या लेखासाठी मी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर सहा फोटो घेऊन फिरले. सहाही काळे पक्षी, सहाही पुण्यात राजरोस दिसणारे. उत्तरं साधारण अशी आली : कावळा, कावळा, हापण कावळाच. चौथ्या फोटोकडे एका टीम लीडने कॉफीचा कप खाली ठेवून नीट बघितलं आणि निकाल दिला, “कावळाच आहे, पण डाएटवरचा.” एकीने शेवटच्या इवल्याशा पक्ष्याला ‘हमिंगबर्ड!’ म्हणून टाकलं. (हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्याकडे तो डिस्कव्हरी चॅनलवरच दिसतो.) सहापैकी पाच नावं बरोबर सांगणारी एकच निघाली, टेस्टिंगमधली, मूळची साताऱ्याकडची. “अगं, हा आमच्या म्हशीच्या पाठीवर बसायचा की! कोतवाल आहे हा,” ती अगदी सहज म्हणाली, आणि टेबलावरचे बाकीचे पाच इंजिनीअर तिच्याकडे बघतच राहिले.

म्हणजे माहिती आपल्याकडे होती. गावाहून टू-बीएचकेमध्ये येताना ती मागे राहिली, एवढंच. मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. पक्ष्यांची मराठी नावं गोळा करण्यासाठी या माणसाने आयुष्यभर जंगलं आणि गावं पालथी घातली, त्यातून ‘पक्षिकोश’ उभा राहिला. कोतवाल, दयाळ, चीरक, शिंजीर, भारद्वाज... वाचतानासुद्धा ही नावं नुसती यादी वाटत नाहीत. एकेक माणूस डोळ्यांसमोर उभा राहिल्यासारखं वाटतं.

रंग सगळ्यात शेवटी!

काळे पक्षी ओळखायचा पहिला फंडा जरा उलटा आहे. रंगाकडे बघायचंच नाही. कारण संध्याकाळी सहा वाजता उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघितलं, तर पोपटसुद्धा काळाच दिसतो. आणि जे पक्षी खरोखर काळे असतात, तेही एकसारखे काळे नसतात. पिसांमधल्या मेलॅनिनमुळे काळेपणा येतो. त्यावरची निळी, जांभळी, हिरवी झाक मात्र पिसाच्या बारीक रचनेतून येते आणि ऊन ज्या कोनातून पडेल तशी बदलते. म्हणजे एकच पक्षी सकाळी जांभळा, दुपारी काळाकुट्ट. रंगाच्या भरवशावर राहिलात की गेलात कामातून!

मग बघायचं काय? आधी आकार. सलीम अलींनी १९४१ साली आलेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्ये यासाठी एक भारी सोपी पद्धत वापरली आहे. सेंटिमीटर वगैरे भानगडीत न पडता माहितीच्या पक्ष्यांशी तुलना करायची. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा. आपल्याकडचे निम्मे काळे पक्षी या एकाच प्रश्नावर वेगळे होतात. त्यानंतर शेपटी. मग डोळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो करतोय काय. कचऱ्याच्या डब्यावर आहे, वायरवर ताठ बसलाय, पानांआड लपलाय की फुलाशी लटकलाय? आपण ऑफिसात लोक कसे ओळखतो? दुरून चेहरा दिसायच्या आधी चालण्यावरूनच कळतं ना, बॉस आला ते? तस्संच.

आधी कावळा तरी येतो का?

सुरुवात कावळ्यापासूनच करू. कारण गंमत अशी, की ज्याचं नाव आपण सगळ्यांना चिकटवतो, तोही एक नाही. दोन आहेत.

रोज खिडकीत येणारा, पोळीच्या तुकड्यासाठी हक्काने ओरडणारा तो गावकावळा. तो पूर्ण काळा नसतोच! मानेभोवती आणि छातीवर राखाडी रंग असतो, कुणीतरी मफलर गुंडाळल्यासारखा. दुसरा डोमकावळा. तो नखशिखांत काळा. चोच जाड, कपाळ आणि चोच यांच्यात एक ठसठशीत बाक आणि आवाज घोगरा, खर्जातला. झाडी जास्त असेल तिथे, टेकडीच्या कडेला, कोकणातल्या वाड्यांमध्ये तो हमखास दिसतो. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून वाट बघणाऱ्या मंडळींना कोणता कावळा शिवतो याचं काही वाटत नाही. आपण मात्र बघून ठेवायला हरकत नाही.

कुहूकुहू करणारा ‘तो’

आता कोकीळ. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या शहरातलं सगळ्यात मोठं नाट्य याच पक्ष्याभोवती घडतं. आणि प्रेक्षक म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो.

पहिली गोष्ट. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत जो ‘कुऊ... कुऊ...’ ऐकून तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस टाकता, तो नराचा आवाज आहे. गाते ती कोकिळा नव्हे, गातो तो कोकीळ! लताबाईंना आपण गानकोकिळा म्हणतो आणि म्हणत राहूच, पण पक्ष्यांच्या दुनियेत ही माइक धरणारी मंडळी पुरुष आहेत. मादीचा आवाज म्हणजे ‘किक्-किक्-किक्’ असा घाईघाईचा, कुणीतरी मागे लागल्यासारखा. बऱ्याचदा खरोखरच कुणीतरी मागे लागलेलं असतं, ते पुढे येईलच.

दिसायला नर चकचकीत काळा, निळसर झाक असलेला. अंगाने कावळ्यापेक्षा सडपातळ, शेपूट चांगली लांब. चोच फिकट हिरवट. आणि डोळे लालभडक! हे डोळे एकदा दुर्बिणीतून दिसले की पुन्हा आयुष्यात कोकीळ आणि कावळा यांची गल्लत होत नाही. मादी काळी नसतेच. ती तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे, त्यामुळे ती आणि तो एकाच घरातले आहेत हे सांगूनही पटत नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ते कावळा-कोकिळाचं सुभाषित आठवत असेल. दोघं दिसायला सारखेच काळे, खरा फरक वसंतातच कळतो, असा त्याचा आशय. कवीबद्दल पूर्ण आदर आहे, पण वसंताची वाट कशाला बघायची? डोळा बघा, शेपूट बघा. जानेवारीतही कळतं.

जानेवारीत तो गप्प असतो, म्हणून तो कुठे निघून गेला असं लोकांना वाटतं. जात नाही कुठे. इथेच वडा-पिंपळाच्या दाट पानांत बसून फळं खातो. सोसायटीच्या कुंपणाला लावलेली पिवळ्या फुलांची बिट्टी माहितीये ना, जिची फळं माणसाला आणि जनावरांना विषारी असतात? कोकीळ तीही खाताना नोंदवला गेलाय. पचवतो कसा, ते तोच जाणे!

आणि हो, पहाटे साडेतीनला सुरू होणाऱ्या त्याच्या रियाझावर वैतागणाऱ्या नाइट शिफ्टवाल्यांसाठी एक वाईट बातमी. भारतातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा घेणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२३ साली आला. त्यात बऱ्याच पक्ष्यांची घट दिसत असताना कोकिळांची संख्या मात्र चांगलीच वाढताना दिसली. इअरप्लग घेऊन ठेवा.

आता मुख्य नाट्य. कोकिळा घरटं बांधत नाही. अंडं घालते ते कावळ्याच्या घरट्यात. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. संस्कृतात कोकिळाचं एक नावच ‘परभृत’ आहे, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. पक्षीनिरीक्षकांनी या जोडीची ट्रिक लिहून ठेवली आहे. नर घरट्याजवळ मुद्दाम आरडाओरडा करतो, चिडलेले कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी गुपचूप आत शिरून काम उरकते. पकडली गेली की तो ‘किक्-किक्-किक्’ पळापळीचा आवाज! तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच दिसतं, थोडं लहान, आणि ते कावळ्याच्या अंड्याआधी फुटतं. परदेशातल्या फिल्म्समध्ये कुकूचं पिल्लू यजमानाची अंडी ढकलून देताना आपण बघतो. आपल्या कोकिळाचं पिल्लू सहसा तसं करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढतं. कावळे त्याला भरवतात, राखतात. त्याच्यासाठी भांडतातसुद्धा.

घरटं कुणाचं?

ते भांडण माझ्या सोसायटीत झालं. मे २०२४, कोथरूड. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं होतं, काड्या आणि तारांचे तुकडे खोचून केलेलं, नेहमीसारखंच. पिल्लं झाल्यावर नर-मादीने खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर झेपा घ्यायला सुरुवात केली. एका काकांना टाळूवर टोच बसली. झालं! ग्रुपवर ‘क्रो मेनेस’ या विषयावर दोन दिवसांत दीडशेहून जास्त मेसेज. कुणी म्हणे गलोल आणा, कुणी म्हणे फांदीच उतरवा. शेवटी रविवारी सकाळी बांबू घेऊन माणूस बोलवायचं ठरलं. चारशे रुपये, मेंटेनन्समधून.

माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, जिन्याची खिडकी बरोब्बर त्या घरट्याच्या वर. दुर्बिणीतून तीन पिल्लं दिसत होती. दोन राखाडी मानेची, थोराड चोचीची. तिसरं वेगळंच. काळपट, पंखांवर फिकट ठिपके, शेपूट लांबायला लागलेली. शनिवारी रात्री मी त्याचा फोटो घेऊन सेक्रेटरीकाकांकडे गेले.

“काका, यातलं एक पिल्लू कावळ्याचं नाहीये.”

“मग कुणाचं?”

“कोकिळेचं.”

काका फोटो झूम करत राहिले. मग आत वळून म्हणाले, “अहो, ऐकलंत का, पार्किंगमध्ये कोकिळेचं पिल्लू आहे म्हणे!” काकू हात पुसत बाहेर आल्या. पुढच्या अर्ध्या तासात फोटो ग्रुपवर, ग्रुपवर हात जोडलेले इमोजी, आणि गलोल आणा म्हणणाऱ्यांनीच दुसऱ्या दिवशी दोन पार्किंग स्लॉट दोरी बांधून बंद केले. बांबूवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. लहान मुलं रोज शाळेच्या बसआधी बघायला यायला लागली.

मला आनंद झाला, नाही असं नाही. पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. घरटं तेच होतं, झेपा त्याच होत्या, दोन पिल्लं तर कावळ्याचीच होती. शनिवारपर्यंत ती ‘मेनेस’ होती. तिसऱ्या पिल्लाचं नाव कळलं आणि त्याच्या पुण्याईवर बाकीची दोन वाचली. आवाज गोड असता तर कावळ्याला हा प्रॉब्लेम आलाच नसता!

जूनच्या पहिल्या वादळी पावसात त्यातलं एक कावळ्याचं पिल्लू खाली पडलं आणि वाचलं नाही. दुसरं उडालं. कोकिळेचं पिल्लू नंतरही बरेच दिवस फांदीवर बसून पंख फडफडवत चोच उघडायचं आणि कावळी त्याला भरवायची. वॉचमनमामा रोज रिपोर्ट द्यायचे, “ताई, आज पण आई आली होती त्याची.” मी त्यांना दुरुस्त केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

तुमच्याकडे असं घरटं असेल तर थोडा हिशोब डोक्यात ठेवा. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण सहा आठवडे लागतात. झेपा घेण्याचा जोर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, विशेषतः पिल्लं नुकती खाली उतरतात तेव्हा. तेवढे दिवस पलीकडच्या बाजूने चाला किंवा छत्री उघडा. विषय संपला. दगड मात्र मारू नका. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक विचित्र मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही बाहेर पडलं की तिथले कावळे अंगावर ओरडत यायचे. ते अमेरिकन कावळे, पण भाऊबंदच ते. आपले वेगळं वागतील यावर मी तरी माझं डोकं पणाला लावणार नाही.

कायद्याचंही सांगते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळ्याचं नाव चक्क उंदीर-घुशींच्या यादीत होतं, उपद्रवी प्राणी म्हणून. २०२२च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं गेलं. आणि घरट्यासाठी झाड उतरवायचं म्हणाल, तर शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कमिटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य शांतपणे म्हणून बघा. मस्त परिणाम होतो.

कोतवालसाहेब ऑन ड्यूटी

हिंजवडी, खराडी, वाघोली... जिथे अजून मोकळे प्लॉट आणि विजेच्या तारा शिल्लक आहेत, तिथे बसच्या खिडकीतून एक पक्षी हमखास दिसतो. आकाराने साळुंकीच्या आसपास, सडसडीत, चकचकीत काळा, तारेवर एकदम ताठ. शेपूट बघा. शेवटी दोन टोकं बाहेर वळलेली, उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी. हाच तो डाएटवरचा कावळा. कोतवाल!

याची कामाची स्टाइल बघण्यासारखी असते. तारेवरून सूर मारायचा, हवेतल्या हवेत किडा पकडायचा आणि परत त्याच जागेवर येऊन बसायचं. गवत कापलं जात असेल, गुरं चरत असतील तिथे तो हमखास, कारण किडे उडतात. पहाटे अंधारात ड्यूटी सुरू, संध्याकाळी बाकीचे पक्षी झोपायला गेले तरी हा तारेवरच. ओव्हरटाइम करणाऱ्यांचा आद्य दैवत म्हणायला हरकत नाही.

पण नाव पडलं ते दादागिरीवरून. घरट्याजवळ कावळा किंवा घार आली की स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या त्या धुडावर हा वरून तुटून पडतो आणि हद्दीबाहेर नेऊन सोडतो. म्हणून होले, बुलबुल असे गरीब पक्षी त्याच्या शेजारी घरटं बांधणं पसंत करतात. फुकटची सिक्युरिटी! कोतवाल हे शहराच्या बंदोबस्ताचा जुना अधिकारी, तेव्हा नाव अगदी फिट्ट बसतं. मात्र जुन्या कोतवालांसारखाच हाही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. तो शिकरा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. तो ऐकून साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांनी शोधलेला किडा याच्या पोटात.

हिवाळ्यात याचा एक चुलतभाऊ शहरातल्या झाडीत येतो, राखी कोतवाल. रंग राखाडीकडे झुकणारा, डोळे लाल. तो तारेपेक्षा झाडांत जास्त रमतो. लाल डोळा बघून कोकीळ म्हणायचा मोह झाला तर शेपटीचं टोक बघा, दुभंगलेलं दिसेल.

लहान मूर्ती

कावळा मनातून काढला की लहान काळे पक्षी दिसायला लागतात. यांच्यात माझा फेव्हरिट चीरक. चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळा, खांद्यावर पांढरा डाग, जो उडताना झटकन चमकतो. शेपूट सदैव वर उचललेली आणि तिच्याखाली विटकरी रंग. टेकडीवर, बांधकामाच्या विटांच्या ढिगावर, पार्किंगच्या भिंतीवर जमिनीलगत टुणटुणत असतो. अ‍ॅटिट्यूड असा, की भिंत त्याच्याच नावावर आहे.

दयाळ त्याच्यासारखाच, पण जरा मोठा आणि काळा-पांढरा, नीट इस्त्री केलेल्या सूटसारखा. पंखावर लांब पांढरा पट्टा, पोट पांढरं. हा बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे टीव्हीच्या अँटिनावर किंवा पाण्याच्या टाकीवर बसून तो जी शीळ घालतो ती ऐकली, की कोकिळाला मिळालेली पब्लिसिटी जरा जास्तच वाटायला लागते. खरं सांगू? माझ्या मते शहरातला नंबर एक गायक दयाळच आहे.

भारद्वाज लहान नाही, उलट कावळ्यापेक्षा लांब. पण त्याला ओळखण्यात चॅलेंजच नाही म्हणून इथेच उरकते. अंग काळं, पंख तांबूस-विटकरी, डोळे लाल. धड उडता येत नाही, झुडपांतून चालत असतो आणि आतून ‘हूप्-हूप्-हूप्’ असा घुमणारा आवाज काढतो. दिसला की दिवस चांगला जातो असं आपल्याकडे मानतात. इंटरव्ह्यूच्या दिवशी तो दिसावा म्हणून वेताळ टेकडीला वळसा घालून जाणारी एक मैत्रीण माझ्या ओळखीची आहे! गंमत म्हणजे हा कोकिळाच्याच कुळातला, पण घरटं स्वतः बांधतो आणि पिल्लंही स्वतःच वाढवतो.

आणि तो कँटीनमधला ‘हमिंगबर्ड’? तो जांभळा शिंजीर. अंगठ्याएवढा जीव, लांब बाकदार चोच. जास्वंदीशी, कुंडीतल्या फुलांशी चिवचिवत लटकलेला असतो. सावलीत काळा ठिक्कर, उन्हात आला की जांभळा-निळा चमकतो. पण हा झगा फक्त विणीच्या हंगामापुरता. तो सरला की नर मादीसारखा पिवळसर होतो आणि काळेपणाची आठवण म्हणून गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते, टायसारखी. म्हणजे वर्षातले काही महिने हा ‘काळा पक्षी’ काळा नसतोच. मादी कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं लांबट लोंबतं घरटं करते, दारावर छोटीशी पडवीसुद्धा असते. अनेकदा ते थेट बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला असतं. कचरा लोंबतोय समजून ओढू नका, आधी पाच मिनिटं लांब उभं राहून बघा, कुणी ये-जा करतंय का ते.

(जाता जाता : पाषाण तलावाच्या काठी पंख पसरून वाळवत बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. त्याचा कावळ्याशी फक्त नावापुरता संबंध आहे. त्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून हा वाळवणाचा कार्यक्रम. आणि घारीला इंग्रजीत ‘ब्लॅक काइट’ म्हणतात, पण ती तपकिरी असते. इंग्रजांचंही रंगाच्या बाबतीत आपल्यासारखंच!)

सामान काय लागतं?

फारसं काही नाही. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ ची घ्या, जास्त पॉवरची हातात थरथरते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे अ‍ॅप फुकट आहे. फोटो दाखवला किंवा आवाज ऐकवला की ते नाव सुचवतं. सुचवतं, हे लक्षात ठेवा. कोतवालाने शिकऱ्याचा आवाज काढला तर साळुंक्यांबरोबर अ‍ॅपही फसू शकतं. आणि एक कळकळीची विनंती. पक्ष्याला जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका, निदान विणीच्या दिवसांत तरी. प्रतिस्पर्धी आला समजून तो घरटं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. जगभर चालतो, भारतात २०१३पासून. निदान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’वर यादी टाकायची. गच्ची चालते, ऑफिसचा स्मोकिंग झोनही चालतो. कावळा दिसला तर कावळाही लिहायचा. फक्त त्याआधी मान राखाडी आहे की काळी, तेवढं बघून घ्यायचं.